भाताला युरिया केव्हा, कुठे आणि कोणाच्या हिशेबाने

४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम नत्र (नायट्रोजन) असतं. किलोभर नत्राला पडले जेमतेम १३ रुपये. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे किलोला पावणेचोवीसच्या आसपास. अर्ध्या किलोहून थोडं जास्त धान विकलं की किलोभर नत्र हातात येतं. आता असं धरा की हेक्टरी शंभर किलो नत्र दिलं आणि त्यातलं तीस किलो हकनाक वाया गेलं. नुकसान ३९० रुपयांचं. एवढ्यात एका माणसाची एका दिवसाची मजुरी कशीबशी भागते. ते तीस किलो वाचवायला मात्र पाणी काढा, उघडीप पाहा, दोनदा-तीनदा खाचरात उतरा, असे चार-पाच दिवस मोडतात.

हा हिशेब शेतकऱ्याला नीट कळतो. म्हणून ‘युरिया जपून वापरा’ हा सल्ला त्याच्या एका कानातून आत जातो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. भातातल्या नत्राची नासाडी अज्ञानामुळे होते असं गृहीत धरून मेळावे, भिंतीपत्रकं आणि प्रात्यक्षिकं चालू आहेत. माझ्या मते तिची खरी कारणं दोन आहेत. गोणी मिळण्याचं वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही हे एक, आणि खरेदीकेंद्रावर दाण्याच्या प्रतीला किंमत नाही हे दुसरं. ही दोन्ही कारणं बांधाबाहेरची आहेत आणि उपायही तिथेच शोधावा लागेल.

आधी नत्र जातं कुठे ते पाहू. चिखलणी केलेल्या खाचराची माती दोन थरांत वागते. पाण्याला लागून असलेला काही मिलिमीटरचा थर हवेशीर असतो, त्याखालचा सगळा चिखल बिनहवेचा. उभ्या पाण्यात युरिया फेकला की दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. भर दुपारी पाण्यातलं शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, पाण्याचा सामू (पीएच) आठ-नऊच्या वर चढतो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. उरलेल्यापैकी काहीचं वरच्या थरात नायट्रेट होतं. ते पाझराबरोबर खाली उतरतं आणि बिनहवेच्या चिखलातले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेला परत देतात. कोकणात याला तिसरी वाट आहे: जुलैत पाणी या खाचरातून त्या खाचरात आणि शेवटी वहाळात जातं, सोबत युरियाही जातो. फेकून दिलेल्या नत्रातलं साधारण ३० ते ४० टक्केच भाताला लागतं. २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं. त्यामुळे नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, पण बांधावरून वाहून जाणाऱ्या पाण्यापुढे त्या आवरणाचा काही उपयोग नाही.

म्हणून मात्रा किती यापेक्षा ती पोचते किती हे महत्त्वाचं. उदाहरणादाखल, हेक्टरी ४० क्विंटल भाताला सुमारे ७५ किलो नत्र उचलावं लागतं असं धरू. मध्यम जमीन, शेणखत आणि पाणी मिळून त्यातलं त्रेचाळीस-पंचेचाळीस किलो देतात. तूट तीस-बत्तीस किलोची. पोचण्याचं प्रमाण ३५ टक्के असेल तर ही तूट भरायला नव्वदेक किलो नत्र टाकावं लागेल. ५५ टक्के असेल तर अठ्ठावन्न पुरेल. हेक्टरी १०० किलो नत्राची रुळलेली शिफारस नासाडी पोटात घेऊनच केलेली आहे, हे कृषी खात्यातही कोणी नाकारणार नाही.

ही मात्रा विभागून द्यायची, हे सगळ्यांना पाठ आहे. कोकणात साधारण ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटवे येताना, २० टक्के लोंबी धरताना. पूर्व विदर्भात निम्मं रोवणीला, म्हणजे लावणीला, आणि उरलेलं दोन हप्त्यांत. पण या टक्क्यांआड लपलेल्या दोन चुका उत्पन्न खातात.

पहिली चूक पहिल्या हप्त्याची. हा युरिया शेवटच्या चिखलणीच्या वेळी, पाणी जवळजवळ काढून, चिखलात मिसळायला हवा. प्रत्यक्षात लावणी झाल्यावर सवड मिळेल तेव्हा तो पाण्यावर फेकला जातो. त्या दिवसांत रोपाला मुळंच नीट धरलेली नसतात. घ्यायला कोणी नाही आणि उडून जायला दुपारचं ऊन आहे, अशी ती वेळ. पुढच्या हप्त्यांनाही नियम तोच: आधी निंदणी, पाणी एक-दोन सेंटिमीटरवर आणायचं, पानांवरचं दव किंवा पाऊस सुकल्यावर संध्याकाळी युरिया द्यायचा आणि एक-दोन दिवसांनी पाणी परत घ्यायचं. तण काढण्याआधी खत दिलं तर पहिला घास सावा आणि बदाड खातात.

दुसरी चूक दिवस मोजण्याची आहे आणि ती जास्त महाग पडते. शेतकरी दिवस रोवणीपासून मोजतो, पीक पेरणीपासून मोजतं. १२० दिवसांच्या वाणात लोंबीचा कोंब पेरणीनंतर ५५ ते ६० दिवसांनी खोडात धरतो. पऱ्हे, म्हणजे रोपं, २५ दिवसांचे असताना रोवणी झाली तर हा क्षण रोवणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी येतो. पण पाऊस लांबला, बांधीत (खाचरात) पाणी नाही, आणि पऱ्हे ४० दिवसांचे होऊन रोवले गेले, तर तोच क्षण रोवणीनंतर पंधरा-वीस दिवसांत येऊन ठेपतो. शेतकरी मात्र ‘रोवणीनंतर तीस दिवसांनी फुटव्यांचा हप्ता’ या हिशेबाने थांबलेला असतो. तो हप्ता पडतो तेव्हा फुटवे धरण्याची वेळ संपलेली असते. उशिरा आलेल्या नत्रावर काही मागास फुटवे निघतात, त्यांच्या लोंब्या मुख्य लोंबीपेक्षा आठ-दहा दिवस मागे राहतात, आणि त्याची किंमत पुढे गिरणीत चुकती होते. मोठ्या पऱ्ह्यांची रोवणी करायची वेळ आलीच तर चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडग्यात, रोपं वाढवावीत आणि पहिला वरखताचा हप्ता आठवडाभरात द्यावा. कोकणातल्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, वाणांची रीत आणखी वेगळी. दिवस लहान होऊ लागले की ती निसवतात, म्हणजे त्यांच्या लोंब्या बाहेर पडतात, म्हणून त्यांच्या बाबतीत निसवण्याच्या नेहमीच्या तारखेपासून उलटे तीस-पस्तीस दिवस मोजावेत. शंका असेल तर मुख्य फुटव्याचं खोड तळाशी ब्लेडने उभं चिरावं. वरच्या पेऱ्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं पांढरं, पिसासारखं टोक दिसलं की शेवटच्या हप्त्याची वेळ आली.

पानांचा रंग पाहून नत्र देण्याचा पर्णरंग तक्ता, म्हणजे हिरव्या छटांची क्रमांक घातलेली पट्टी, हे याहून सोपं साधन आहे. लागणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करून निसवेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी सकाळी दहा झाडं निवडायची, वरून पूर्ण उघडलेल्या पानाचा मधला भाग स्वतःच्या सावलीत तक्त्याशी ताडायचा. दहापैकी सहा पानं ठरलेल्या रंगाहून फिकी असतील तरच एकरी वीसेक किलो युरिया द्यायचा. जास्त उत्पन्नाच्या वाणांना हा रंग ४ क्रमांकाचा, फिकट पानांच्या आणि सुगंधी वाणांना ३ क्रमांकाचा. प्लास्टिकची ती पट्टी गोणीच्या शिलाईत घालून फुकट देता येईल. तसं अजून झालेलं नाही.

पण पट्टी हातात असली तरी उपयोग कधी? आज पान फिकं दिसलं आणि आज दुकानात युरिया असेल तेव्हाच. खरी मेख इथे आहे. जूनमध्ये युरिया मिळतो, ऑगस्टच्या मध्यावर, नेमका लोंबी धरताना, तो ‘आला नाही’ किंवा ‘सोबत दुसरं काहीतरी घ्या’ या अटीवर मिळतो. ज्याने एकदा अशी रांग लावली, तो पुढच्या वर्षी जूनमध्येच सगळ्या गोण्या उचलतो. घरात ओल, गोणीला पाणी सुटायला लागतं, मग ती लवकर संपवणंच बरं. तीन हप्त्यांचं दोन हप्त्यांत आणि दोनाचं दीडात रूपांतर असं होतं. याला बेफिकिरी कसं म्हणायचं? टंचाईचा अनुभव घेतलेला माणूस दुसरं काय करेल? विक्री पॉस यंत्रावर नोंदली जाते, कोणत्या तालुक्यात कोणत्या आठवड्यात किती गोण्या गेल्या हे सरकारला कळतं. भातपट्ट्यातल्या तालुक्यांच्या वाट्याचा ठरावीक हिस्सा ऑगस्टसाठी राखून ठेवणं आणि तो तारखेसह आधी जाहीर करणं यासाठी नवी योजना लागत नाही.

आता खोलवर देण्याचा मार्ग. आपल्याकडे तो अर्धवट राहिला. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीला परत देणं, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला गाडणं, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या (डीएपी म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत) गोळ्या अशी चार अंगं आहेत. शेवटची दोन एकमेकांवाचून चालत नाहीत. खुणा केलेल्या दोरीने १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटूनपालटून अंतर धरून लावणी करायची. जवळजवळच्या चार चुडांचा १५ बाय १५ चा चौकोन तयार होतो. त्याच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हाताने खोचायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन १७० किलोच्या आत, त्यातून नत्र सुमारे ५७ किलो. बिनहवेच्या थरात अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं, वर येत नाही, उडत नाही आणि मुळं तिथवर पोचली की महिना-दीड महिना पुरतं. वर दिलेला अठ्ठावन्न किलोचा हिशेब इथे प्रत्यक्षात उतरतो. बांगलादेशात युरियाच्या गोळ्या अशा खोल खोचण्याच्या पद्धतीचा प्रसार नव्वदीच्या दशकापासून झाला.

मग आपल्याकडे ती का रुजली नाही? गोळीमागे चार सेकंद धरले तरी ६२,५०० गोळ्यांना सत्तरेक तास लागतात. वाकून, चिखलात, बहुधा बायकांच्या पाठीवर. हेक्टरी नऊ-दहा दिवसांची मजुरी, तीही लावणीच्या ऐन घाईत, जेव्हा माणूस मिळत नाही. वाचलेल्या चाळीस किलो नत्राची किंमत ५२० रुपये. उत्पन्न वाढतं, त्यामुळे एकूण हिशेब बऱ्याचदा फायद्यात येतो, पण ती वाढ नोव्हेंबरमध्ये दिसते आणि मजुरी जुलैत मोजावी लागते. शिवाय गोळ्या पावसाळी हवेत पाघळतात, म्हणून त्या जवळच आणि हंगामाच्या तोंडावर बनवाव्या लागतात. पाणी भराभर मुरणाऱ्या हलक्या वरकस जमिनीत त्यांचा फायदाही उरत नाही, कारण विरघळलेला युरिया मुळांच्या खाली निघून जातो. उलट खार जमिनीत, कोकणात आणि गोव्याच्या खाजणांतही (खाडीकाठच्या खाऱ्या शेतांतही), जिथे फेकलेलं नत्र आणखी वेगाने उडतं, तिथे गोळी जास्त शोभते.

सरकार प्रत्येक गोणीमागे शेतकरी मोजतो त्याच्या कित्येक पट रक्कम कारखान्याला देतं. वाचलेल्या चाळीस किलो नत्राचे शेतकऱ्याच्या हिशेबात ५२० रुपये होतात, पण तिजोरीच्या हिशेबात ते दोन गोण्यांचं अनुदान आहे. ते वाचलं तर त्यातला मोठा वाटा गोळ्या खोचणाऱ्या हातांना द्यायला काय हरकत आहे? बचत गटांकडे गोळ्यांचं यंत्र आणि खोचण्याचं कंत्राट, आणि हेक्टरी मजुरीचा भार पहिली तीन-चार वर्षं सरकारकडे, असं साधं गणित आहे. त्याऐवजी २०२१ पासून जोर लावला गेला तो नॅनो युरियावर. अर्ध्या लिटरच्या पहिल्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे वीस ग्रॅम नत्र. ती वीस किलो नत्राच्या गोणीची जागा घेईल असं सांगण्यात आलं. पुढे प्रमाण वाढवलं तरी हिशेब शंभरेक ग्रॅमचाच. पानांतून नत्राचा छोटा आधार देता येतो. पण बत्तीस किलोची तूट ग्रॅमांनी भरत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात धान आणि गव्हाचं उत्पन्न घटल्याचं आढळलं, यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

इथवर उत्पन्नाची गोष्ट झाली. प्रतीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि तिच्याकडे लक्ष त्याहून कमी.

जादा नत्राने पान गर्द, मऊ आणि झुकतं होतं. सावलीत ओल टिकते, तुडतुडे बुंध्याशी वस्तीला येतात, करपा आणि कडा करपा पसरतात. उंच वाण लोळतात. लोळलेल्या लोंबीचा दाणा काळवंडतो किंवा शेतातच मोडावतो. हे सगळ्यांना दिसतं. गिरणीत जे होतं ते दिसत नाही. उशिरा दिलेल्या युरियामुळे एकाच बांधीत पिकलेले आणि हिरवे दाणे एकत्र कापले जातात. हिरवा दाणा खडूसारखा पांढुरका, कांडताना चुरा होणारा. पूर्ण पिकलेला दाणा हिरव्यासाठी थांबून राहतो, दिवसा ऊन आणि रात्री दव खात. त्याला आत केसासारख्या भेगा पडतात. पूर्व विदर्भात कापलेल्या कडपा बांधीत चार-सहा दिवस पडून राहतात, तेव्हा हेच घडतं. भेगाळलेला दाणा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि गिरणीत त्याची कणी होते. लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापावं आणि सावलीत हळूहळू वाळवावं, ही साधी काळजी. पण पीक एकसारखं पिकलंच नसेल तर हा नियम पाळायचा तरी कसा?

याचा अर्थ नत्र कमीत कमी द्यावं असा कोणी काढू नये. लोंबी धरताना योग्य हप्ता मिळालेल्या दाण्यात प्रथिनं पुरेशी असतात, दाणा काचेसारखा टणक होतो आणि कांडताना अखंड राहतो. हा हप्ता चुकवला तर दाणे कमी आणि तुटणारे. मात्र तोच हप्ता निसवताना दिला तर प्रथिनं आणखी वाढून शिजलेला भात कडक आणि मोकळा होतो. पोषणाच्या दृष्टीने ती वाढ चांगली. इंद्रायणीच्या गिऱ्हाइकाला मात्र तो भात इंद्रायणीसारखा लागणार नाही, कारण त्याला हवा असतो मऊ, चिकटसर भात. इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला बुटका वाण. त्याला नत्र सोसतं, म्हणून मावळात ते मोकळ्या हाताने दिलं जातं, आणि वर धुक्याच्या सकाळी करप्याला आमंत्रण. मूळ आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ, भंडाऱ्याचा चिन्नोर हे उंच, नाजूक काड्यांचे. त्यांना शंभर किलोची शिफारस लावणं म्हणजे पीक लोळवणं. भौगोलिक मानांकन मिळाल्यावर या नावांना बाजार आला, पण पिशवीवर नाव छापण्याआधी त्या शेतात नत्र किती आणि केव्हा पडलं हे विचारणारं कोणी नाही.

आणि विचारावं तरी कशाला? हमीभावाच्या केंद्रावर ‘साधारण’ आणि ‘अ’ दर्जाच्या धानात फरक आहे क्विंटलला २० रुपयांचा, तोही दाण्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावर ठरणारा. कांडल्यावर किती दाणा अखंड राहणार, याचा भावाशी काही संबंध नाही. गिरणीकडून सरकारला क्विंटलभर धानामागे ६७ किलो कच्चा (न उकडलेला) तांदूळ हवा, त्यात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आला आहे. अखंड दाण्याचं धान पिकवणारा आणि अर्धं कणीचं धान आणणारा, दोघांना एकच पावती मिळते. राज्य सरकारने धानाला दिलेला बोनसही हेक्टरी, क्षेत्रावर मोजलेला. मग तिसरा हप्ता वेळेवर देण्याची, खोड चिरून पाहण्याची उठाठेव शेतकऱ्याने कोणासाठी करायची?

यावर ‘मग युरियाच महाग करा, आपोआप जपून वापरतील’ हे उत्तर अर्थशास्त्राच्या वर्गात शोभतं. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांना पोषणमूल्यावर अनुदान लागू झालं, युरियाला वगळलं, आणि तेव्हापासून तोल नत्राकडे झुकला हे खरं. युरियाचा भाव हळूहळू वाढवावा लागेल, हेही मला मान्य. पण त्याची भरपाई खात्यात जमा करायची म्हटलं की ती सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. खंडाने, अर्धेलीने किंवा ठेक्याने धान करणाऱ्याचं नाव तिथे नसतं. युरियाची गोणी तोच विकत घेतो, आणि भाववाढ त्याच्याच अंगावर येते. हा गुंता सुटेपर्यंत भाववाढ हे पहिलं पाऊल असू नये.

पहिलं पाऊल खरेदीकेंद्रावर टाकता येईल. नमुना कांडायचं यंत्र टेबलावर मावतं, त्याला शे-दोनशे ग्रॅम धान पुरतं आणि काही मिनिटांत अखंड दाणा आणि कणी वेगळी मोजता येते. अखंड दाण्याच्या टक्क्यावर क्विंटलला पन्नास-शंभर रुपयांचा फरक ठेवला तर हेक्टरी चाळीस क्विंटलला दोन ते चार हजार रुपये होतात. वाया गेलेल्या नत्राच्या ३९० रुपयांपुढे ही रक्कम शेतकऱ्याला जुलैपासूनच दिसू लागेल. ओलावा मोजायचं मीटर केंद्रावर आजही आहे, १७ टक्क्यांवरचं धान परत पाठवायला ते रोज वापरलं जातं. कांडायचं यंत्र त्याच्या शेजारी ठेवायचं आणि दोन्ही आकडे एकाच पावतीवर छापायचे.